दोघींचं फिकं

ताई गेली तेव्हा मी बुलढाण्याला लेकीकडे होते. लेकीचं बाळंतपण नुकतंच झालेलं. बाळाला न्हाऊमाखू घालून पाळण्यात ठेवलं आणि पुतण्याचा फोन आला. "काकू, माय गेली..." एवढंच म्हणाला. सकाळी छातीत कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आतच सगळं संपलं. संग्रामपूरजवळच्या आमच्या गावी मी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. सव्वा महिना झाला त्याला. अजूनही जाग आल्यावर थोडा वेळ ती आहे असंच वाटतं, आणि तो वेळ मी मुद्दाम लांबवते.

निर्मलाताई माझी मोठी जाऊ. मी नाकावर राग असलेली, ती हसून वेळ मारून नेणारी. आमचं एक दिवसही पटायला नको होतं. पण मी लग्न होऊन आले तीच पोट बिघडवून. तिखटाचा घास गेला की आग पडायची. डॉक्टरांनी मिरची, तेल, मसाला सारं बंद केलेलं, आणि सासर असं की ठेच्याशिवाय कोणी भाकरीला हात लावत नाही. बीटी कापसाचे ते पहिले दिवस. बियाण्याच्या पाकिटासाठी दुकानापुढे रांगा लागायच्या, वेचणीला हात पुरायचे नाहीत, आणि सासूबाईंना माझे हात दिसतच नव्हते, नुसतं पोट दिसत होतं. पंधराव्या दिवशी चुलीपुढे बसून त्यांनी निकाल दिला, "धाडून द्या तिले माहेरी. बरी झाली का आनू." अशा धाडलेल्या पोरींना पुढे कोणी आणत नाही, हे मला कळत होतं. मी हातातली परात धरून तशीच उभी राहिले.

तेव्हा ताई म्हणाली, "आत्याबाई, माह्याबी पोटात कवापासून आग होऊन राह्यली. मी बोलली नाई. आमा दोघीपुरतं फिकं काढत जाईन." ती दोन लेकरांची आई, घर तिच्या जिवावर चाललेलं. तिला कोण धाडणार? "आता दोन दोन रोगी," असं सासूबाई पुटपुटल्या आणि विषय तिथेच मिटला.

दुसऱ्या दिवसापासून ताईनं माझं पोट हाती घेतलं. आमच्याकडचं पाणी खारं. त्यात तुरीची डाळ कितीही उकळा, दाणा दाणाच राहतो. ताई डोंगराकडच्या विहिरीवरून गोड्या पाण्याची एक कळशी वेगळी आणायची आणि त्यात मुगाची डाळ शिजवायची. भाजीत तिखट पडायच्या आधी दोन डाव बाजूला निघायचे. रात्रीला ज्वारीच्या कण्या, वर ताक. शेतात वेचणाऱ्या बायकांनी मला हसू नये म्हणून तिनं बिनमिरचीचा ठेचाही काढला होता... दोडक्याच्या शिरा, कोथिंबीर, जिरं, मीठ, तव्यावर परतून रगडलेलं. दिसायला हिरवागार. कोणी "पाहू वं जरासा" म्हणत हात पुढे केला की ताई डबाच झाकून टाकायची.

आम्हा रोग्यांना सासूबाईंनी बायकांच्या पंगतीतून उठवून कापसाच्या खोलीत बसवलं. ती खरं तर शिक्षा होती. खोलीत आढ्यापर्यंत कापूस, वरच्या झरोक्यातून उन्हाची तिरीप, तिच्यात तरंगणारे तंतू... बाहेरचा गलका त्या कापसात कुठे तरी विरून जायचा. आम्ही सावकाश जेवायचो. ती तिच्या माहेरच्या, दुसरबीडच्या गोष्टी सांगायची, आणि मी ऐकता ऐकता पेंगायचे. अंगाला खाज सुटायची, तरी उठावंसं वाटत नसे. पुढे बोंडअळीचं वर्ष आलं. खोली अर्धीही भरली नाही, घरातली माणसं एकमेकांवर खेकसू लागली. आम्ही मात्र त्या मोकळ्या फरशीवर समोरासमोर बसून कण्या खात होतो. सासूबाई गेल्या, तरी आमची ताटं त्याच खोलीत राहिली.

आता खरं सांगते. माझं पोट पाच-सहा वर्षांतच बरं झालं होतं. एकदा चुकून तिखट रस्सा पोटात गेला, काही झालं नाही. मग घरी चोरून मिरची चावून पाहिली, तरी काही नाही. पण ताईचं पोट नाजूक, मी तिखटाकडे वळले तर ती एकटी पडेल... म्हणून गप्प बसले, आणि मनातल्या मनात स्वतःला मोठी त्यागी समजत राहिले.

गेल्या वर्षी तिच्या भाच्याच्या लग्नाला दुसरबीडला गेलो. मागच्या अंगणात पाहते तर ताई भाकरीवर ठेचा घेऊन बसलेली, नाक लाल, चेहरा पोरीसारखा खुललेला. मी घाबरून तिच्या भावजयीला म्हटलं, "अहो, त्यांचं पोट!" ती हसायलाच लागली. "ताईंच्या पोटाला काय झालंय? लहानपणापासून अशाच खातात म्हणे."

मी आल्या पावली मागे फिरले. परतताना एसटीत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली होती आणि मी हिशेब मांडत होते. तिनं माझ्यासाठी ठेचा सोडला, आणि मी बरी होऊनही तिला तो परत दिला नाही. ठरवलं, एक दिवस खरा ठेचा रगडून तिच्यापुढे ठेवायचा आणि सांगून टाकायचं. पण धीर होईना. इतकी वर्षं फुकट गेली असं तिला वाटलं तर? आज उद्या करत राहिले, आणि लेकीचं बाळंतपण आलं.

तेरवीला तिच्या नावाच्या पानावर मी ठेचा वाढला. नणंद म्हणाली, "वहिनीले तिखट चालत नोतं, काऊन वाढून राह्यली?" मला रडू कोसळलं. तिचं खोटं आणि माझं खोटं, दोन्ही मी सगळ्यांदेखत सांगून टाकलं. तिला सांगायचं राहूनच गेलं, हेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

ताईचे यजमान, माझे थोरले दीर, भिंतीला टेकून बसले होते. आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलत नाही. इतक्या वर्षांत ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. जमिनीकडे पाहत म्हणाले, "तिले मालूम होतं."

नणंद त्यांच्याकडे वळली. ते तसेच खाली पाहत पुढे बोलले.

"तू चोरून मिरची खाल्ली तवा ते दारामागंच होती. मी तिले म्हटलं, बरी झाली ना ते, मंग खा आता तिखट. तं म्हने, फिकं हाये तवरीक दोघी संग बसतो. तिखट खाल्लं का साऱ्यायच्या पंगतीत बसा लागन."

हल्ली मी पंगतीतच बसते. सगळं सोसतं मला. जेवण पाच मिनिटांत उरकतं.