तांदळातली किल्ली

फिजिओथेरपीच्या खोलीत तांदळाचा एक डबा आहे. डोळे मिटून त्यात हात घालायचा आणि बोटांना काय लागतंय ते सांगायचं. स्कूटरच्या अपघातात माझा उजवा हात बधिर झाला, मूठ मिटेनाशी झाली. मागे बसलेली माझी बहीण गेली. चालवत मी होते.

तीन महिने हाताला काहीच कळत नव्हतं, आणि ते मला बरंच वाटत होतं. पण शरीर बरं होताना आपल्याला विचारत नाही.

आज बोटांना किल्ली लागली. दाते, भोक, सगळं स्पष्ट.

"काय आहे, ताई?" फिजिओथेरपिस्ट मुलीनं विचारलं.

"कळत नाही," मी म्हणाले.

"असू दे. काढा हात."

मी हात बाहेर काढला. ती आनंदानं ओरडली, "अहो ताई, मूठ मिटलीय तुमची!"