गुरुवारचं पाणी आणि व्हर्जन वन

एका कंपनीने खूप आधी सांगून, ठरल्या दिवशी आपली जुनी सेवा बंद केली, म्हणून मी तिच्यावर चिडले होते. असला वेडेपणा करायला पुण्यातच जन्म घ्यावा लागतो.

तेव्हा मी पन्नाशीची, म्हणजे आजच्या मानाने पोरच. खडकीत आमचं छोटंसं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं आणि मी तिथली टीम लीड. चष्मा डोक्यावर, अक्कल त्याच्याही वर. एका डायलिसिस केंद्रातल्या पेशंटांच्या पाळ्या आमचा प्रोग्रॅम लावायचा. पाळी बदलली की पेशंटला मेसेज जायचा, तो मात्र एका परदेशी क्लाउड कंपनीमार्फत. आमच्या प्रोग्रॅमने ठरलेल्या पद्धतीने निरोप द्यायचा, त्यांनी तो पोचवायचा. निरोप द्यायच्या या पद्धतीला एपीआय म्हणतात.

त्या कंपनीची मेल आली : एपीआयचं व्हर्जन वन अमुक तारखेला निवृत्त होणार, व्हर्जन टू घ्या. पुढे ती तारीख एकदा लांबली. झालं! मला मामला ओळखीचा वाटला. महापालिकाही गुरुवारी पाणी बंद म्हणते, आणि सकाळी नळाला बारीक धार असतेच.

माझ्या हाताखाली नागपूरची एक इंजिनिअर होती. ती अधूनमधून आठवण करून द्यायची.

"मॅडम, ते खरंच बंद करतील नं."

"तू पुण्यात नवी आहेस."

"पण मॅडम, ती कंपनी कुठं पुण्यातली आहे?"

यावर मला अचानक एक महत्त्वाचा फोन करायचा आठवला.

ती तारीख उजाडली. नेमकं त्याच दिवशी केंद्रात दुपारपासून एक मशीन दुरुस्तीला घ्यायचं ठरलं, म्हणून दुपारच्या काही पेशंटांना सकाळीच बोलवायचं होतं. मेसेज मात्र एकही सुटेना. दरवेळी एकच उत्तर : हे व्हर्जन बंद झालं आहे. बारीक धारसुद्धा नाही. सिस्टरांनी फोन करकरून जवळजवळ सगळ्यांना गाठलं. दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेले एक गृहस्थ तेवढे राहिले. अनोळखी नंबरचा फोन ते उचलत नसत. मेसेज मात्र चष्मा लावून वाचत. ते नेहमीसारखे दुपारी आले, तर पाळी गेलेली. पायांवर सूज, बोलताना धाप. जादा पाळी लागेपर्यंत बाकावर बसून राहिले.

इकडे मी आधी काय करावं? त्या कंपनीला खरमरीत मेल : अखंड सेवेची हमी दिली होतीत, तिचं काय? उत्तर आलं, सेवा अखंडच सुरू आहे. बंद झालंय ते जुनं व्हर्जन, कळवलेल्या तारखेला. म्हणजे त्यांनी दोन्ही शब्द पाळले होते. मग आम्ही दोघींनी व्हर्जन टू बसवलं. इतके महिने ढकललेलं काम चहाच्या वेळेपर्यंत संपलंसुद्धा.

संध्याकाळी मी केंद्रावर माफी मागायला गेले. गृहस्थ मशीनला जोडलेले होते, धाप जरा कमी झालेली. मी सगळं सांगितलं, गुरुवारच्या पाण्यासकट. वाटलं, हसतील.

"बुधवारी रात्री घरी बादल्या भरून ठेवता का?" त्यांनी विचारलं.

"ठेवते की. पिंपसुद्धा."

"मग आमची बादली कुठे होती?"