चिमणीकडचा गोलकीपर

लग्नाला होकार मी भलत्याच माणसाकडे पाहून दिला. माणूस वाईट नव्हता. उंचापुरा, चपळ, केस कपाळावर आलेले. फक्त ज्याच्याशी माझं लग्न ठरत होतं तो हा नव्हता, आणि हे मला अंतरपाट खाली झाल्यावर कळलं. तोवर अक्षता पडून गेल्या होत्या.

माझ्या नातीला वाटतं, आजी जन्मापासूनच हुशार आहे. तिला हे वाचून थोडा त्रास होईल. होऊ दे.

माझं माहेर जामचं. चौरस्त्यावर वडिलांचं किराण्याचं दुकान. येणारे-जाणारे ट्रकवाले पाहून मला वाटायचं की मी सगळी दुनिया पाहिली. नागपूर कुठं आणि हैद्राबाद कुठं हे मी बोट दाखवून सांगायचे, आणि तेवढ्यावरून स्वतःला मोठी जाणती समजायचे. फुटबॉल मात्र कधी पाहिला नव्हता. पुलगावचं स्थळ आलं तेव्हा मुलाचे काका आणि आत्या बघायला आले. मुलगा आला नाही, मिलमध्ये त्याची पाळी होती. "पोरगा मिलच्या टीमचा गोलकीपर हाय," काका छाती काढून म्हणाले. माझ्या वडिलांनी गंभीरपणे विचारलं, "पर्मनंट का?"

न पाहता हो म्हणायला मी तयार नव्हते. पुलगावला माझे मामा होते, तिथं मी चार दिवस म्हणून गेले आणि मामेबहिणीनं बेत आखला. रविवारी मिल विरुद्ध लष्कराचा डेपो अशी मॅच होती. मॅच सुरू झाल्याझाल्या मामेभाऊ ग्राउंडवरून पळत घरी आला आणि दारातूनच सांगून गेला, "मिलच्या चिमणीकडच्या गोलात उभा हाय, तो तुझावाला. लवकर येजा."

लवकर कशा जाणार? मामीच्या मुगवड्या घालायच्या बाकी होत्या. शिवाय दोन तरण्या पोरींनी फुटबॉल पाहायला जाणं म्हणजे गावाला वर्षभराचा विषय. म्हणून आधीच ठरल्याप्रमाणे आम्ही दळणाचा डबा काढला. चक्कीवर जातो म्हणून निघालो आणि आडरस्त्यानं जाऊन चिमणीकडच्या गोलामागं, बाभळीखाली, डब्याला टेकून बसलो.

काय सांगू. सगळा खेळ आमच्याच पुढ्यात चालला होता. समोरची टीम येऊन येऊन आदळत होती आणि हा एकटा गडी मातीत लोळत होता, उठत होता, पुन्हा लोळत होता. एकदा तर त्यांच्या एका तगड्या खेळाडूनं असा फटका हाणला की मी डोळे मिटले. उघडले तेव्हा हा हवेत आडवा. अगदी खाट टाकल्यासारखा. बोटांनी चेंडू वरच्या वर झेलला आणि धपकन पडला. माझा जीव तिथंच त्याच्यावर जडला. शेवटी एक गोल झालाच. तेव्हा तो मातीत तोंड घालून पडून राहिला आणि मी पदर डोळ्याला लावला.

पलीकडच्या टोकाला, लांब, दुसरा गोलकीपर होता. तो खांबाला टेकून उभा होता. खिशातून फल्लीदाणे, म्हणजे शेंगदाणे, काढून खात होता आणि मधूनमधून हात वर करून माश्या हाकलत होता. मी मामेबहिणीला म्हटलं, "त्याच्या बायकोचं नशीब पाह्य बाई. जो माणूस मैदानात टेकून उभा राह्यते, तो घरात काय काडी हालवन?"

आम्ही गहू तसेच डब्यात घेऊन घरी आलो. मामी जी बोलायला लागली, त्यात मॅच कोण जिंकलं हे विचारायचंच राहिलं. मी रात्री वडिलांना निरोप धाडला, हो म्हणून.

आणि मग तो अंतरपाट. खाली झाला तर समोर एक ठेंगणा, रुंद खांद्यांचा, कान बाहेर आलेला माणूस हार घेऊन उभा. मी मागे वळून मामेबहिणीकडे पाहिलं. तिनं तोंडात रुमाल कोंबला होता. "आता काय कराचं?" मी पुटपुटले. "हार घाल," ती म्हणाली, "लोकं पाहून राह्यले."

पहिले काही दिवस मला खात्री होती की सासरच्यांनी मुलगा बदलला. एक दाखवला आणि दुसरा दिला. बाजारात वांग्याचं करतात तसं. मी कोणाशी धड बोलत नव्हते. सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, पोरीला माहेरची आठवण येते. हे बिचारे जामहून येणाऱ्या कोणाकडून तरी चिवडा मागवायचे.

मग एकदा सासरची मंडळी मला मॅच पाहायला घेऊन गेली. हे चिमणीकडच्या गोलात उभे होते. मी म्हटलं, बरोबर, जागा तीच, माणूस तेवढा बदलला. आणि मध्येच शिट्टी वाजली, सगळे पाणी प्यायले, आणि यांनी खांबावरचा टॉवेल उचलून सरळ दुसऱ्या टोकाच्या गोलाकडे चालायला सुरुवात केली. मला वाटलं, रुसले. मी नणंदेला विचारलं, "हे तिकडं काऊन चालले?" ती म्हणाली, "वहिनी, हाफटाइम झाला ना. आता बाजू बदलतेत."

मी तिथंच समजले. आम्ही पोहोचलो तेव्हा हाफटाइम होऊन गेला होता. चिमणीकडच्या गोलात डेपोचा गोलकीपर होता. आणि माझावाला पलीकडे खांबाला टेकून फल्लीदाणे खात होता.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. जामच्या चौरस्त्यावर दुनिया पाहिलेल्या मुलीला हाफटाइम माहीत नव्हता, हे कोण कबूल करणार? उलट पुढं मुलं झाली, ती विचारायला लागली की बाबा कसे खेळायचे, तेव्हा मी डोळे मोठे करून तो हवेतला आडवा झेल सांगायचे. दुसरा एवढा भारी झेल मी पाहिलाच नव्हता. सांगता सांगता तो यांचा झाला. हे शेजारी जेवत असायचे. मान खाली घालून भात कालवत राहायचे. मला वाटायचं, किती हा विनय.

तीच गोष्ट मुलांकडून नातीकडे गेली, आणि नात म्हणजे चालता-बोलता लाउडस्पीकर.

मिलची टीम केव्हाच संपली. आता त्याच ग्राउंडवर गावातले पोट्टे खेळतात. यंदा त्यांनी ग्राउंडची भिंत चुना मारून पांढरी केली आणि ठरवलं की गावाची आजवरची सगळ्यात भारी टीम तिच्यावर रंगवायची, अकरा जण, जुने-नवे मिळून. झालं. रोज संध्याकाळी चहाच्या टपरीवर म्हातारे एका बाकावर आणि पोट्टे दुसऱ्या बाकावर.

"आमचा लेफ्ट आउट अनवाणी खेळे. तुमचावाला बूट नाई घातले तर घरून निघत नाई."

"पन काका, व्हिडिओ कुठं हाय?"

"तवा मोबाईल नोता, म्हणून काय गोल बी नोते का बे?"

"गोल असतीन. पन समोर डिफेन्सच नोता म्हणतेत."

"डिफेन्स नोता? माह्या या गुडघ्याले विचार होता का नोता."

दहा जागांवर कसंबसं जमलं. अडलं गोलकीपरवर. पोट्ट्यांना आत्ताचा गोलकीपर पाहिजे होता. पोरगा मोबाईलच्या दुकानात काम करतो आणि मैदानात घारीसारखा उडतो. साधा चेंडू आला तरी उडतो. म्हातारे म्हणत, उडणारा गोलकीपर म्हणजे आधी चुकीच्या जागी उभा असलेला गोलकीपर. यांचं तर पूर्वीपासून म्हणणं आहे की मॅचनंतर गोलकीपरचा शर्ट धुवायची गरज पडायला नको. ते ऐकून पोट्टे हसायचे.

हे स्वतःबद्दल एक शब्द बोलले नाहीत. पण ज्या संध्याकाळी निकाल लागायचा होता, त्या दिवशी पोळ्याला करत नाहीत एवढी घोटून दाढी केली आणि मला म्हणाले, "तो बारीक चौकडीचा शर्ट जरा इस्त्री करून दे. तसं काई काम नाई." मी इस्त्री केली. या माणसाला त्या भिंतीवर जायचं आहे, हे मला त्या कॉलरवरून इस्त्री फिरवताना नीट कळलं.

नातीनं मला स्कूटीवर बसवून नेलं. साक्षीदार म्हणून. टपरीपुढं उभी राहून तिनं तो झेल सांगितला. मी सांगते त्यापेक्षाही हवेत वर. "अन् माह्या आजीनं डोळ्यांनी पाह्यला," ती म्हणाली. आत्ताचा गोलकीपर स्वतः म्हणाला, "असा झेल असन तर मग आजोबांचंच नाव द्या."

यांनी चहाचा कप खाली ठेवला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात त्यांच्या बाकावरून मिलचे जुने सेंटर फॉरवर्ड, आमचे भाऊजी, कानाचं मशीन चाचपत म्हणाले, "कोनता झेल? चिमणीकडचा? डेपोच्या मॅचमधला?"

"तोच," नात म्हणाली.

"पोरी, तो शॉट मी मारला होता. आजवर झोपेत बी दिसते मले. मी मिलचा, तुहा आजा मिलचा. मी आपल्याच गोलकीपरले कायले मारीन?"

नात माझ्याकडे पाहायला लागली. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी म्हातारी आहे, 'आठवत नाही बापा' म्हटलं असतं तर कोणी काही म्हटलं नसतं, भाऊजींनाच लोक विसराळू ठरवणार होते. आणि हे भिंतीवर गेले असते. मी यांच्याकडे पाहिलं. हे चौकडीच्या शर्टाची बाही सरळ करत होते. जो झेल घेतलाच नाही, त्याच्या जोरावर या माणसाला भिंतीवर चढवायचं, आणि मग रोज संध्याकाळी त्याला त्या भिंतीसमोर बसवायचं. भाताशी खाली घातलेली मान मला तेव्हा कुठं समजली.

मी सगळं सांगितलं. मामीच्या मुगवड्या, दळणाचा डबा, हाफटाइम, अंतरपाट. पलीकडच्या खांबाला टेकून फल्लीदाणे खाणारा, माश्या हाकलणारा तो आळशी माणूस आणि त्याच्या बायकोच्या नशिबाबद्दल मी काय म्हटलं होतं तेही. पोट्टे बाकावरून खाली पडायचे राहिले. एकानं तर विचारलं, "आजी, मग त्या डेपोवाल्याचा पत्ता हाय का?" मी म्हटलं, "असता तर या आजोबाले विचारून गेली नसती का रे."

भाऊजींनी यांची बाजू लढवली. म्हणाले, "अरे, त्या मॅचमध्ये यानं एकबी गोल खाल्ला नाई. पहिल्या हाफमध्ये चेंडू कुठं येईन ते याले आधीच माहीत असे. तिथं जाऊन उभाच राहे." पण पाहिलं कोणी होतं? खास यांनाच पाहायला गेलेली मी, आणि मी पोहोचले उशिरा. हात वर करून मतं झाली. मोबाईलच्या दुकानातला पोरगा निवडून आला. तो येऊन यांच्या पाया पडला. यांनी त्याच्या शर्टाची कॉलर झटकली आणि म्हणाले, "जास्त उडत नको जाऊ. माती निंगत नाई."

नात घरी आल्यापासून माझ्याशी बोलत नव्हती. आतल्या खोलीत जाऊन तिनं दार लोटून घेतलं. यांनी इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला, बनियनवर ओट्यावर येऊन बसले. मी चहा नेऊन दिला आणि शेजारी टेकले. म्हटलं, "चुकलंच माझं. भिंत गेली तुमची."

यांनी कपात फुंकर मारली.

"तुह्या मामेभावानं मले मॅचच्या अगुदरच सांगून ठेवलं होतं, दोन पोरी येतीन, दळणाचा डबा असन," ते म्हणाले. "माश्या नोत्या अवं त्या. मी तुले हात करून राह्यलो होतो."