धुऱ्यावरची चप्पल

बारा वर्षं मी पहिलीचा वर्ग सांभाळते आहे. शाळा उघडली की आयांना घोरपडीसारखी चिकटलेली पोरं मी एकेक करून सोडवली आहेत आणि वर आयांनाच झापलं आहे, "तुम्ही जा हो, तुम्ही दिसता म्हणून रडतं ते." त्यातली एखादी आई शाळेच्या कुंपणाशी डोळे पुसत उभी राहिली की मला मनातून हसू यायचं. मग माझी स्वतःची मुलगी तीन वर्षांची झाली, तिला अंगणवाडीत सोडायची वेळ आली आणि माझी सगळी अक्कल गहाण पडली. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

तोवर तिला सासूबाई सांभाळत होत्या. त्या धाकट्या जावेच्या बाळंतपणाला गेल्या. नवरा गोंदियाला राइस मिलमध्ये, शनिवारी उगवणार. माझी शाळा जंगलाच्या कडेला, अठरा किलोमीटरवर, आणि तिकडं जाणारी सकाळची एसटी एकच. दुपारी अंगणवाडी सुटली की मदतनीसबाई मुलीला स्वतःच्या घरी नेऊन संध्याकाळपर्यंत ठेवणार, असं ठरलं होतं. ठरवायला काय जातं?

पहिले तीन दिवस तिनं माझा पदर सोडला नाही. दोन हातांनी धरायची, हात सोडवले की दातांनी धरायची. तिन्ही दिवस एसटी चुकली. चौथ्या दिवशी मुख्याध्यापकांनी हजेरीपुस्तक माझ्यापुढं सरकवलं. "मॅडम, असं किती दिवस चालून राहणार?" शेजारणीनं नजर उतरवायला सांगितली, तीही उतरवली. मीठ-मिरच्या चुलीत गेल्या, पोरीचं रडणं तसंच. नवरा फोनवर त्याच्या गोंदियाच्या हिंदीत म्हणाला, "रोने दे ना, दो दिन में चुप हो जाएगी." त्याचं काय जातंय? कान माझे होते. मी फोन आपटला.

शेवटी मदतनीसबाईंनीच तोडगा काढला. "मॅडम, रोवणीत आम्ही काय करतो? लेकरू धुऱ्यावर बसवतो, आपली चप्पल त्याच्यापाशी ठेवतो. चप्पल इथं हाये म्हंजे माय इथंच हाये, असं सांगतो. घंटाभर हालत नाई लेकरू. तुमची चप्पल राहू द्या दारात, अन् मागच्या अंगानं निघून जा."

मला ते एकदम पटलं. कारण आदल्याच रविवारी आमच्या बांधीत, भाताच्या खाचरात, रोवणी होती आणि मुलगी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, माझ्या चपलेपाशी अशीच बसली होती. मी चिखलात वाकून रोपं लावत होते, ती अधूनमधून चपलेला हात लावून बघत होती. एकदाही रडली नाही.

मी चप्पल दारात ठेवली, तिला दाखवली आणि मागच्या दारानं अनवाणी पळाले. एसटी मिळाली. ती रडली नाही! मी आठवडी बाजारातून दुसरी चप्पल घेतली. रोज जुनी दारात सोडायची, नवी पिशवीतून काढून मागच्या अंगणात घालायची, दुपारी मुलीबरोबर जुनीही मदतनीसबाईंच्या घरी जायची, संध्याकाळी तिथं पोचण्याआधी मी नवी पिशवीत लपवायची. आठ दिवस पोरगी गप्प. शाळेत मी सगळ्यांना फुशारकीनं सांगत सुटले, की जरा डोकं चालवलं की मुलं रुळतात.

नवव्या दिवशी नाल्याला पाणी चढलं, शाळा लवकर सोडली. दुपारी एकच्या सुमारास मी अंगणवाडीत पोचले. आत पोरं खिचडी खात होती, भांडत होती. माझी मुलगी दारात बसलेली. खिचडीची ताटली शेजारी, हात न लावलेली. माझ्या दोन्ही जुन्या चपला मांडीवर, पावसात भिजू नयेत म्हणून फ्रॉकखाली झाकलेल्या.

तिनं माझ्या पायांकडं, नव्या चपलेकडं पाहिलं. मग मांडीवरच्या चपलांकडं. मग पुन्हा पायांकडं. रडली नाही, धावत आली नाही. चपला बाजूला ठेवल्या आणि माझ्याकडं पाठ करून बसली.

मी मदतनीसबाईंवर भडकले. आठ दिवस पोरगी दारातून उठली नाही आणि तुम्ही मला सांगितलं नाही? त्यांनीही ऐकून घेतलं नाही. "गप हाये काय, असं तुम्ही रोज इचारत होत्या, मी हो म्हणत होती. रोवणीत माय बांधीत दिसते, मॅडम. तुम्ही दिसत होत्या काय? मी तं एका दिवसापुरतं सांगतलं होतं. नवी चप्पल कोणं आणली?"

नवी चप्पल मीच आणली होती, म्हणून आणखीच राग आला.

दुसऱ्या दिवशी मी जुनीच चप्पल घातली आणि दारात खाली बसून तिला खरं सांगितलं. मी शाळेत जाते आहे. चप्पल घालून जाते आहे. म्हशी घरी येतील तेव्हा मी येईन. ती पहिल्या दिवसापेक्षा जास्त रडली, माझ्या मनगटाला चावली. मी पुढच्या दारानं, तिच्या डोळ्यांदेखत चालत गेले. रस्ताभर रडणं ऐकू येत होतं. रोज पायातली चप्पल दाखवून तेच सांगायचं, रोज तेच रडणं, असे अकरा दिवस गेले. खरं बोलणाऱ्याला शांती लाभते म्हणतात. मला डोकेदुखी लाभली आणि हजेरीपुस्तकात आणखी दोन लाल शेरे.

बाराव्या दिवशी ती न रडता आत गेली. रात्रभर पाऊस झालेला, समोर घोट्याएवढा चिखल. आमच्याकडं अशा वेळी सगळेच करतात तेच मी केलं, चप्पल काढून हातात घेतली आणि निघाले. चार पावलं गेले असेन, मागून किंचाळी आली.

"आई, चप्पल घालून जाजो!"

वळून पाहिलं. ती दाराची चौकट धरून उभी होती. माझ्या तोंडाकडं बघतच नव्हती, नुसती पायांकडं बघत होती. मी भर चिखलात चप्पल घातली. दुसऱ्याच पावलाला एक पट्टा तुटला. एसटी वळणावर हॉर्न देत होती, पण ती अजून दारातून बघत होती, म्हणून तुटकी चप्पल तशीच ओढत मी रस्त्यापर्यंत चालत गेले.