उत्तरेकडचे विमान

साठी उलटल्यावर प्रथमच लेखणी धरणाऱ्याने दुसऱ्याच्या दुःखावर लिहू नये, हे मला कळते. तरी लिहितो आहे. वाचकांनी क्षमा करावी.

अबुधाबीजवळच्या मुसाफ्फातल्या एका शीतगृहात माझे हे वसईकर स्नेही स्टोअरकीपर होते आणि मी तिथेच कचेरीत. उणे वीसच्या खोलीतून बाहेर आले की चष्म्यावरची वाफ पुसत ते म्हणत, "ही कसली थंडी, सर? थंडी माझ्या बायकडे."

बाय म्हणजे त्यांची एकुलती लेक. वसईची ही मुलगी परिचारिका होऊन कॅनडाच्या पार उत्तरेला, इन्युइट लोकांच्या एका गावी गेली होती. गावाला रस्ता नव्हता. हवा बरी असेल तेव्हा एक छोटे विमान येई. तिथल्या दोरीवर वाळणाऱ्या माशांचा तिने पाठवलेला फोटो ते साऱ्या कामगारांना दाखवत. "बघा, आपलीच माणसं. फक्त ऊन कमी."

फेब्रुवारीत अबुधाबीच्याच खलिफा सिटीतल्या राहत्या घरी त्यांची पत्नी अचानक गेली. बाय आली की तिघे मिळून वसईला जाऊ, असे म्हणून त्यांनी पार्थिव इथल्या शवागारात ठेवले. तिकडे मात्र हिमवादळ सुरू होते. रोज सकाळी ते माझ्याकडून विमान कंपनीची सूचना वाचून घेत. रोज तेच असे: उड्डाण रद्द. वसईहून त्यांचे भाऊ विचारत, वहिनीला असे किती दिवस ठेवणार? ते कुणावर चिडले नाहीत. एकदाच म्हणाले, "सर, आयुष्यभर माल थंडीत ठेवला. हिलाही ठेवीन, असं वाटलं नव्हतं."

सहाव्या सकाळीही सूचना बदलली नाही. "खलास," ते म्हणाले आणि शवपेटीसोबत एकटेच मुंबईला गेले. दुसऱ्या दिवशी वसईत दफन ठरले होते.

ते निघाले त्याच संध्याकाळी बायचा मला फोन आला. वादळ अनपेक्षितपणे निवळून विमान उतरले होते. "अंकल, प्लीज, डॅडींना सांगू नका," ती म्हणाली. "दफनाला तर मी पोहोचत नाहीच. आणि विमान आज आलं हे कळलं, तर एक दिवस का थांबलो नाही, एवढंच ते जन्मभर म्हणत राहतील. मी वादळ चालूच आहे म्हणून सांगते."

ते विमान तिच्याविना परतले.

नोकरी सोडून ते आता वसईला एकटेच राहतात. बाय अजून आलेली नाही. दर शुक्रवारी, माझी शनिवार-रविवारची सुट्टी लागण्याआधी, त्यांचा फोन येतो. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर ते हळूच विचारतात, "सर, त्या दिवशी विमान नव्हतंच ना आलं?"

नव्हते, असे मी सांगतो. "मग बरोबरच केलं मी," ते म्हणतात आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा विचारतात.

वाचकहो, तुम्ही त्यांना काय सांगितले असते?