ताऱ्याचे वेध

"मॅडम, त्यो तारा फुटायचा टाइम तेवढा सांगा."

फोनवर धावडा गावच्या आशा कार्यकर्त्या होत्या, मंदाताई. मी जालन्यातल्या एका लोकल न्यूज चॅनलच्या डेस्कवर, दुपारचं बुलेटिन लावत बसले होते. मला हसू फुटलं.

"टाइम कशाला पाहिजे, ताई?"

"फुटायचा सांगता येत नसंल तर सुटायचा सांगा. गिरानाला कसा असतो, तसा. हितं एक बाई अडकून पडली हाय."

मी फोनवर हात ठेवून डेस्कला ऐकवलं. सगळे हसले. आमचे संपादक भालेराव सर म्हणाले, "या बाईंचा बाइट घे. तुफान चालेल."

बाइट म्हणजे माणूस कॅमेऱ्यासमोर जे बोलतो, त्यातला आम्ही ठेवलेला तुकडा. बाकीचं आम्ही कापतो. माझं कामच ते. मागच्या आठवड्यात मी असाच एक बाइट कापला होता आणि माझ्या हाताच्या सफाईवर खूश होते.

बातमी साधी होती. मृग नक्षत्रात काक्षी नावाचा तांबूस तारा आहे. पंचांगात तोच आर्द्रेचा तारा. तो म्हातारा झालाय, त्याचं जळण संपत आलंय, कधीतरी तो फुटेल. फुटला तर काही महिने भर दुपारीही दिसेल. आम्ही कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या देशमुख सरांना विचारलं. ते म्हणाले, "आज रात्रीही फुटू शकतो, पण लाख वर्षांनीही फुटू शकतो. आणि फुटला तरी तो इतका लांब आहे की आपल्याला नुसता दिसेल, कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही."

मी 'पण'च्या आधी कापलं. वर मोठ्या अक्षरांत टाकलं, 'आकाशात महास्फोट, कधीही!' खाली धडधडणारं म्युझिक. एक अक्षर खोटं नव्हतं, आणि याच सोयीवर आमचा धंदा चालतो. व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरला. सरांनी मला मेसेज केला, 'माझं पुढचं वाक्य कुठे गेलं?' मी उत्तर दिलं नाही.

"अडकली म्हणजे काय?" मी मंदाताईंना विचारलं, अजून हसतच.

"आठवा महिना लागलाय तिला. अश्विनी नाव. सासूनं खिडक्यांना गोधड्या लावल्या. इळीला हात लावू देईना, भाईर पाय ठेवू देईना. गिरान पाळायलेत. मंगळवारी तपासायला न्यायची व्हती, न्हाई नेली. तिला बीपी हाय, मॅडम. पाय सुजून हे टम्म झालेत. सासू म्हणती, कधीबी फुटंल असं टीव्हीवर मास्तरच बोलला. सुटायची येळ कळू द्या, लगेच नेते."

माझं हसू जागच्या जागी आटलं. ग्रहणाचे वेध लागतात तसे सुटतातही, ती वेळ पंचांगात छापलेली असते. 'कधीही'चे वेध सुटणार कधी? त्या सासूनं माझी बातमी शब्दशः खरी मानली होती.

भालेराव सरांना मी सगळं सांगितलं. म्हटलं, "आपण खुलासा देऊ या."

"खुलासा दिला की आपण चुकलो असं होतं. फॉलोअप करू. तू जा तिकडं, कॅमेरामन ने."

कॅमेरामनला मी नेलं नाही. निघताना रॉ फुटेज, म्हणजे न कापलेली मुलाखत, मोबाइलवर घेतली. भोकरदनमार्गे धावड्याला पोचेपर्यंत ऊन उतरायला आलं होतं.

मंदाताई दारातच होत्या. आत अंधार. कौसाबाई, म्हणजे सासूबाई, उंबऱ्याशी बसल्या होत्या. आतल्या खाटेवर अश्विनी भिंतीला टेकलेली. चेहरा सुजलेला, डोळे अर्धे मिटलेले.

"डोकं लई दुखून राह्यलं," ती म्हणाली.

मंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. या दिवसांत बीपी असताना डोकं दुखणं वाईट, एवढं मलाही कळत होतं.

"मी टीव्हीतून आलेय," मी कौसाबाईंना म्हणाले. "सुनेला दवाखान्यात न्या. काही होत नाही."

"तुमीच म्हन्ले कधीबी फुटंल. आता तुमीच म्हंता काही होत न्हाई. कोन्चं खरं धरू?" त्या आवाज न चढवता बोलल्या. "माह्या लेकीनं गिरान पाळलं न्हाई. तिचं पोरगं फाटक्या ओठाचं झालं. सासरच्यांनी तिला लई बोललं, माय. पुन्हा कोनाचं ऐकून घ्यायची ताकद न्हाई माह्यात."

ग्रहणानं ओठ फाटत नाही, हे मी सांगू शकत होते. पण कुठल्या तोंडानं सांगणार? मी मोबाइल पुढे केला आणि पूर्ण मुलाखत लावली. देशमुख सर 'पण' म्हणाले, लाख वर्षं म्हणाले, केसालाही धक्का नाही म्हणाले. कौसाबाईंनी ती पुन्हा लावायला सांगितली. मग विचारलं, "हे म्होरलं का न्हाई दाखवलं?"

वेळ कमी होता, असं सांगायचं तोंडावर आलं होतं. त्याच बुलेटिनमध्ये एका पुढाऱ्याचा वाढदिवस आम्ही मजेत दाखवला होता.

"मी कापलं," मी म्हणाले. "लोकांनी जास्त बघावं म्हणून."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्या उठल्या, खिडकीची गोधडी ओढून काढली आणि म्हणाल्या, "चल गं अश्विनी. गाडी हाय का बाईची?"

माझ्याच गाडीतून नेली. भोकरदनला बीपी बघून लगेच जालन्याला पाठवलं. तिथं सिझर झालं. मुलगी झाली, वेळेआधीची, मूठभर. तिला काचेत ठेवलं. डॉक्टर मला घरचीच समजून ओरडले, "मंगळवारी आणलं असतं तर कदाचित गोळ्यांवर भागलं असतं. एवढे दिवस काय करत होता तुम्ही?"

त्यांचा प्रश्न बरोबर माणसाला होता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मी डबा घेऊन गेले. अश्विनी उठून बसली होती, बाळ काचेतच होतं. कौसाबाई हॉस्पिटलच्या आवारात बसल्या होत्या. थंडीचे दिवस, आभाळ निरभ्र. त्या म्हणाल्या, "दाखव बरं, कोन्चा त्यो तारा?"

मला माहीत नव्हता. आठवडाभर ज्याच्यावर चॅनल चालवलं, तो तारा मी मान वर करून एकदाही बघितला नव्हता. शेवटी देशमुख सरांना फोन लावला. त्यांच्या मेसेजला मी उत्तर दिलं नव्हतं, तरी त्यांनी उचलला. मी आधी माफी मागितली. ते म्हणाले, "पूर्वेला तोंड करा. एका रेषेत तीन तारे दिसतात? त्यांच्या डावीकडे बघा. तांबूस."

मी बोट केलं. कौसाबाईंनी डोळे बारीक केले.

"एवढासाच?" त्या म्हणाल्या. "अन् ह्याच्यापायी म्या पोरीला कोंडून घातलं."

त्या 'म्या' म्हणाल्या. कोंडून घातलं होतं ते मी. हे त्यांना सांगायला मी तोंड उघडलं, तर त्या पदर डोळ्यांना लावून बाळाकडे निघाल्या होत्या.

मुलगी पुढे घरी गेली, लहानखुरीच आहे. खुलासा आम्ही दिला, बुलेटिनच्या शेवटी, बाजारभावाच्या आधी. महास्फोटाचा व्हिडिओ मी काढून टाकला, पण ग्रुपांवर तो अजून फिरतोय. तारा अजून फुटलेला नाही. मी अजून डेस्कवरच आहे आणि बाइट कापते. फक्त माणूस 'पण' म्हणाला की हात बाजूला घेते.