विलासचं खातं

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही किरटं आहे. चौथीपर्यंतच शिकले, सांभाळून घ्यावं.

कॉम्प्युटर लावला की दोन नावं दिसायची, सुनेचं आणि माझ्या गेलेल्या मुलाचं, विलासचं. काल सून म्हणाली, "आई, ह्यांचं खातं काढू का?"

"काढ की. कुठल्या बँकेत?"

"उघडायचं नाही हो, पुसायचं."

एकाच शब्दात उघडणंही आणि पुसणंही. तिने त्याचे फोटो, कागद आधी पेनड्राइव्हवर उतरवले. कॉम्प्युटरने पुन्हा विचारलं, नक्की काढायचं? तिचा हात थांबला. मीच मान हलवली. आता एकच नाव दिसतं. फोटो राहिले, पण त्याची वाट बघणारं घरात काही उरलं नाही.

त्याने हप्त्यावर घेतलेल्या या कॉम्प्युटरचा शेवटचा हप्ता तिने आज भरला. माझा विलास आता कुणाचं काही देणं लागत नाही.